गावकुसाबाहेरच्यांचे गाव

इतिहासाचा प्राध्यापक म्हणून नाझी जर्मनीचा कालखंड मी दरवर्षी शिकवतो. आमच्या पोरांना हा विषय समजावून सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत. रक्ताची शुद्धी, विटाळाची भीती, वेगळी वस्ती, अंगावर वागवायची खूण हे सगळे त्यांच्या आजा-पणजाने भोगलेले आहे. ज्यूंच्या छातीवरचा पिवळा तारा म्हटला की गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू न सांगता आठवतो. साठ लाख हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्ग गप्प होतो. परंतु ह्याच इतिहासातले एक पान मी बरीच वर्षे न शिकवता उलटत आलो. ते पान अपंगांचे आहे. ते का उलटत होतो, ह्याचे उत्तर ग्रंथालयात नाही, माझ्या घरात आहे.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून मतिमंद आहे. आज तो तिशीच्या उंबरठ्यावर आहे. आईबाप रोजाने कामाला जात तेव्हा त्याला घराच्या मेढीला दोरीने बांधून जात. त्यात दुष्टावा नव्हता. विहीर जवळ होती आणि रोज बुडवून घरी बसणे परवडणारे नव्हते. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. एम. ए. झालो तेव्हा वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला. पाहुणे घरी चहाला येणार होते म्हणून भावाला मागच्या खोलीत बसवले आणि बाहेरून कडी घातली. ती कडी मी घातली. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. आई आजही म्हणते, "मागल्या जल्माचं कायतरी आसंल, बाबा." धर्मांतराला साठ-सत्तर वर्षे उलटली, देव्हाऱ्यातले देव नदीत गेले, पण पूर्वजन्म मात्र आमच्या घरातून अद्याप बाहेर पडलेला नाही.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. दरवर्षी आपण तो दिवस पाळतो, भाषणे करतो आणि शूद्रांविषयीचे श्लोक वाचून दाखवतो. पण त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात जन्मतः मंदबुद्धी, मुके, आंधळे, बहिरे आणि विद्रूप माणसे पूर्वकर्माच्या शिल्लक पापामुळे तशी जन्मतात आणि सज्जनांच्या निंदेला पात्र ठरतात, असे सांगितले आहे. नवव्या अध्यायात ह्याच माणसांना वारसाहक्कातून वगळले आहे. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये. म्हणजे महाडला जो ग्रंथ जळाला, त्यात आमच्याबरोबर तेही जखडलेले होते. आम्ही आमचे श्लोक वाचले. त्यांचे श्लोक कुणी वाचलेच नाहीत, कारण वाचता येईल असे त्यांच्यात कुणी नव्हते आणि ज्यांना वाचता येत होते त्यांना ते आपले वाटले नाहीत.

हा कायदा केवळ पोथीत राहिला असेही नाही. इंग्रजी राज्यात हिंदू कायदा म्हणून तो न्यायालयांतून चालला. १९२८ च्या कायद्याने अपंगांवरची वारसाहक्काची बंदी उठवली, पण जन्मापासून वेडे किंवा मंदबुद्धी असलेल्यांना त्यातूनही वगळले. ती शेवटची बंदी उठायला १९५६ चा हिंदू वारसा कायदा यावा लागला. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी जिवाचे रान केले आणि ज्याची वासलात लागलेली पाहून १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याच प्रयत्नाचे हे पुढचे फळ होते. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमानुसार कोणताही रोग, व्यंग किंवा विद्रूपता ह्या कारणावरून कुणाचाही वारसा नाकारता येत नाही. स्त्रियांच्या हक्काची बाजू आपण सांगतो. ही बाजू सांगताना मी कुणालाही ऐकलेले नाही.

आता जर्मनीकडे येऊ.

हिटलर सत्तेवर आला १९३३ च्या जानेवारीत. त्याच वर्षी १४ जुलैला आनुवंशिक रोग्यांची संतती रोखण्याचा कायदा झाला आणि त्याखाली पुढे सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी करण्यात आली. पुढची पायरी ठार मारण्याची. १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये हिटलरने एका हुकमावर सही केली आणि तारीख मात्र युद्ध सुरू झाल्याची, १ सप्टेंबरची घातली. बर्लिनमधल्या टियरगार्टन रस्त्यावरील चार नंबरच्या घरातून हे काम चाले, म्हणून त्याचे नाव टी-फोर. सहा ठिकाणी विषारी वायूच्या खोल्या बांधल्या गेल्या आणि १९४१ च्या ऑगस्टपर्यंत सुमारे सत्तर हजार अपंग व मनोरुग्ण मारले गेले. म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन ह्यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी व्यासपीठावरून ह्याचा उघड निषेध केला. त्यानंतर वायूच्या खोल्यांतले हे केंद्रीय काम थांबवले गेले, पण उपासमार आणि औषधांच्या साहाय्याने हत्या चालूच राहिल्या. एकूण बळी अडीच ते तीन लाख मानले जातात. सोबिबोर आणि ट्रेब्लिंका येथे ज्यूंना मारण्यासाठी जी माणसे नेमली, त्यांतली कित्येक ह्या टी-फोरच्या कामात तयार झालेली होती. ज्यूंच्या संहाराचे तंत्र आधी अपंगांवर वापरून पाहिले गेले, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जगण्याची पात्रता ठरवण्याचा अधिकार एकदा राज्याने हातात घेतला की तो पहिल्या बळीपाशी थांबत नाही.

ह्या काळात एक माणूस दोन्ही बाजूंनी ह्या यंत्रणेच्या समोर उभा होता. त्याचे नाव डॉ. कार्ल कोनिग. १९०२ साली व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. आईबापांचे जोड्यांचे दुकान होते. तरुणपणीच तो ख्रिस्ताकडे ओढला गेला आणि ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झाला. १९२७ मध्ये, म्हणजे महाडच्याच वर्षी, तो डॉक्टर झाला. पुढे रूडॉल्फ स्टायनरच्या विचाराने चालणाऱ्या डॉ. इटा वेगमान ह्यांच्या स्वित्झर्लंडमधील रुग्णालयात त्याने काम केले आणि मतिमंद मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतले. तेथेच त्याला टिला मासबर्ग भेटली. १९२९ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि जर्मनीतल्या सायलेशिया प्रांतात, पिलग्रॅम्सहाइन येथे, अशा मुलांच्या संस्थेत दोघे काम करू लागले.

टिला हेर्नहूट पंथाच्या परंपरेतली. हा पंथ म्हणजे छळातून पळालेल्या ख्रिस्ती माणसांचा पंथ. यान हुसला १४१५ मध्ये जिवंत जाळले ते ख्रिस्ती धर्मसत्तेनेच. त्याच्या विचारवंशातल्या मोराव्हियन बंधूंना १६२० नंतर स्वदेशातून हुसकावले तेही ख्रिस्ती राजानेच. त्यांचा बिशप कोमेनियस आयुष्यभर परदेशात भटकला आणि भटकतानाच त्याने लिहिले की शिक्षण सर्वांना दिले पाहिजे, मंदबुद्धी मुलांना तर अधिकच, कारण त्यांनाच त्याची जास्त गरज आहे. ज्ञान कुणाच्या कानात पडू नये ह्यासाठी कायदे करणाऱ्या परंपरेत जन्मलेल्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य जपून ठेवण्यासारखे आहे. पुढे १७२२ मध्ये ह्या परागंदा माणसांना काउंट झिन्झेनडॉर्फने आपल्या जमिनीवर आसरा दिला आणि हेर्नहूट वसले. कोनिगने आपल्या कार्याचे पूर्वज म्हणून कोमेनियस, झिन्झेनडॉर्फ आणि ब्रिटनचा समाजवादी रॉबर्ट ओवेन ह्या तिघांची नावे सांगितली आहेत. त्यांपैकी एक निर्वासित, दुसरा निर्वासितांना जमीन देणारा आणि तिसरा कामगारांच्या वसाहतीचा विचार करणारा.

कोनिग ख्रिस्ती झाला म्हणून वाचला का? नाही. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू कोण हे श्रद्धेवरून ठरवले नाही, आजी-आजोबांवरून ठरवले. तीन आजी-आजोबा ज्यू असले की माणूस ज्यू, मग तो रोज चर्चमध्ये जात असो. आपल्याला हे नवीन नाही. गावाने आपल्याला धर्मांतरानंतर कोणत्या नावाने हाक मारली ते आपल्याला माहीत आहे, आणि दलित ख्रिस्ती बांधवांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले, त्यांना गावाने मात्र जातीबाहेर कधी सोडले नाही, हेही माहीत आहे. १९३६ मध्ये कोनिगला पिलग्रॅम्सहाइन सोडावे लागले. तो व्हिएन्नाला परतला. तेथे त्याच्याभोवती तरुणांचा एक गट जमला, बहुतेक ज्यू घरांतून आलेला. १९३८ च्या मार्चमध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि हा गट पांगला. जेथे जमेल तेथे पुन्हा एकत्र येऊन एक वसाहत उभारायची, एवढेच ठरले होते. त्या वर्षाअखेर कोनिग ब्रिटनमध्ये पोचला. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ किर्कटन हाऊस नावाचे एक जुने घर त्यांना मिळाले आणि १९३९ मध्ये ही माणसे मतिमंद मुलांना घेऊन तेथे राहू लागली.

येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. घरदार, भाषा, देश गमावलेल्या माणसांनी आधी स्वतःचे पोट पाहावे, की परक्या देशातल्या अपंग मुलांना सांभाळावे? कोनिगचे ह्यावरचे म्हणणे साधे होते. ही मुलेही निर्वासितच आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. आपल्याला राज्याने हाकलले, ह्यांना समाजाने. मला हा विचार फार महत्त्वाचा वाटतो. त्यात दया नाही. दया करणारा उंचावर उभा असतो. कोनिगने नाते जोडले ते बरोबरीचे, हाकललेल्याने हाकललेल्याशी जोडलेले.

पुढच्याच वर्षी ह्या नात्याची परीक्षा झाली. १९४० च्या मे महिन्यात ब्रिटिश सरकारने गटातल्या पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले आणि आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत टाकले. हिटलरने ज्यू म्हणून हाकलले आणि इंग्रजांनी जर्मन म्हणून कोंडले! नव्या, मोठ्या जागेचा व्यवहार तेव्हा अर्ध्यावर होता. टिला आणि इतर स्त्रियांनी ठरवले की थांबायचे नाही. १ जून १९४० रोजी मुलांना घेऊन त्या डी नदीकाठच्या कॅम्पहिल ह्या घरात राहायला गेल्या. आज वीसहून अधिक देशांत शंभरावर वसाहती ह्या घराच्या नावाने ओळखल्या जातात. नाव कोनिगचे घेतले जाते, पण कॅम्पहिलचे पहिले पाऊल बायकांनी टाकले. इतिहासात असे नेहमीच होते आणि आपल्या चळवळीचा इतिहासही त्याला अपवाद नाही.

मुले मोठी झाली तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. अपंग मूल गोड वाटते; त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला सगळे येतात. तेच मूल वीस वर्षांचे झाले, त्याला दाढी-मिशा फुटल्या, की लोक बाजूला होतात. शाळा संपते. मग एक तर वेड्यांचे इस्पितळ, नाही तर घराची मागची खोली. ह्याला उत्तर म्हणून १९५५ मध्ये यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात बॉटन हे गाव वसवले गेले. व्हिएन्नाच्या गटातलाच पीटर रोथ तेथला प्रमुख कार्यकर्ता होता. अपंग प्रौढ आणि कार्यकर्त्यांची कुटुंबे एकाच घरात राहत, एकाच टेबलावर जेवत. शेती, दूधदुभते, भट्टी, विणकाम, सुतारकाम असे प्रत्येकाला काम असे. कुणालाही पगार नव्हता, कार्यकर्त्यालाही नाही. ज्याला जे लागेल ते सामाईक गंगाजळीतून. शनिवारी संध्याकाळी सगळे एकत्र बसून बायबलचा एक उतारा वाचत व त्यावर बोलत. त्या बैठकीत आणि त्या जेवणाच्या टेबलावर त्यांचा धर्म होता. माणसाचा आत्मा आजारी नसतो, शरीर-बुद्धीचे साधन अडलेले असते, अशी त्यांची श्रद्धा. ती आपण मानू अथवा न मानू. तिच्यातून निघालेले आचरण मात्र पाहण्यासारखे आहे.

आणि ह्या गावात अपंगांना काय म्हणत? रुग्ण नाही, लाभार्थी नाही. त्यांना गावकरी म्हणत. कार्यकर्ते ते सहकारी. गावकरी ते, ज्यांच्यासाठी आणि ज्यांच्या हातांनी गाव उभे राहिले.

हा शब्द वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आमच्या सात पिढ्या गावात राबल्या, पण गावकरी म्हणजे आम्ही नव्हे. गावकऱ्यांची बैठक, गावकऱ्यांचा निर्णय, गावकऱ्यांचा बहिष्कार ह्या सगळ्यांत आम्ही गावकुसाच्या बाहेर. आणि आमच्या वस्तीत माझा भाऊ आणखी आतल्या एका गावकुसाच्या बाहेर.

कॅम्पहिलची आरती ओवाळण्याचा माझा विचार नाही. त्यात दोन मोठ्या अडचणी आहेत. पहिली अशी की, स्टायनरच्या विचारात पुनर्जन्म आणि कर्म आहे. त्यांच्या मते अपंग आयुष्य ही शिक्षा नसून आत्म्याच्या प्रवासातला अर्थपूर्ण टप्पा आहे, म्हणून मनूचे कर्म आणि त्यांचे कर्म एकच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही कर्माचा सिद्धांत हाताशी असला की तो कधी कुणाच्या मानेवर बसेल ह्याचा नेम नसतो, हे आपल्याइतके कुणी जाणत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा नाकारला, तो ह्याच कारणाने. माणसाच्या व्यंगाला मागच्या जन्मातला अर्थ देण्याची गरज नाही. त्याला ह्या जन्मात वाटा देण्याची गरज आहे.

दुसरी अडचण वेगळ्या गावाची. अपंगांनी समाजाबाहेर निराळ्या वस्तीत का राहावे? हा प्रश्न अपंगांच्या हक्काची चळवळ विचारते आणि तो रास्त आहे. १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननेही स्वतंत्र गावांची मागणी केली होती. ढकललेली वस्ती आणि मागून घेतलेली वस्ती ह्यांत फरक असतो. मागितलेली वस्ती स्वतःच्या पायावर उभे राहण्याची जागा होऊ शकते. पण बॉटनच्या गावकऱ्यांनी ती किती मागितली आणि त्यांच्या वतीने इतरांनी किती मागितली, हे विचारावेच लागेल. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बॉटनमध्ये मोठा वाद झाला. विश्वस्तांनी बिनपगारी सहजीवनाऐवजी पगारी नोकरांची पद्धत आणायचे ठरवले, अनेकांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. समतेचे टेबलसुद्धा कायमचे मांडलेले राहत नाही, ते रोज मांडावे लागते.

आपल्याकडे काय आहे? २०१६ चा कायदा आहे. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे. आणि एक नवा शब्द आहे, दिव्यांग. हा शब्द ऐकला की मला दुसरा एक शब्द आठवतो, हरिजन. माणसाला माणसाचा हक्क द्यायचा नसला की त्याला देवाचे नाव द्यायचे, ही जुनी रीत आहे. आपण हरिजन हा शब्द फेकून दिला आणि दलित म्हणून उभे राहिलो. मग अपंगांवर दिव्यत्व लादले जाते तेव्हा आपण गप्प का?

छळ सोसलेला माणूस आपोआप दयाळू होतो, हा एक भाबडा समज आहे. तसे असते तर गावाने आम्हाला जसे बाहेर ठेवले तसे आम्ही भावाला कडीच्या आत ठेवले नसते. हाकलल्या गेलेल्या सगळ्यांनी कॅम्पहिल उभारले नाही. मूठभरांनी उभारले, कारण त्यांनी आपल्या छळाचा अर्थ फक्त स्वतःपुरता लावला नाही. माणसाची पात्रता ठरवणारा जो तराजू त्यांच्यासाठी वापरला गेला, तो तराजूच त्यांनी नाकारला. तराजू तसाच ठेवून फक्त आपले पारडे जड करून घेणे म्हणजे मुक्ती नव्हे. शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या आमच्या पिढीला हा मोह फार आहे. आम्ही हुशार आहोत, आमच्यात गुणवत्ता आहे, हे सिद्ध करता करता जो हुशार ठरू शकत नाही, त्याची आम्हाला लाज वाटू लागते.

शेवटी घरचीच एक गोष्ट सांगून थांबतो. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. गावठाणात दोन खोल्यांचे घर, एवढीच इस्टेट. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्याला वारस लावायचे होते. भावकीतली माणसे म्हणाली, त्याला काय कळतंय, तू सांभाळतोसच की, तुझ्या आणि आईच्या नावानं कर. मी तसा अर्ज लिहिलाही. अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये! दर २५ डिसेंबरला मनुस्मृतीवर भाषण करणाऱ्या माझ्याच हाताने, माझ्याच अक्षरात नवव्या अध्यायातला तो श्लोक पुन्हा लिहिला गेला होता. वर्गासाठी टी-फोर, कोनिग आणि मनू ही टिपणे एकत्र काढताना हे माझ्या लक्षात आले.

तो अर्ज मी फाडला. आता उताऱ्यावर तीन नावे आहेत. भावाला सही येत नाही म्हणून त्याचा अंगठा घेतला. शाई बोटाला लागली ती त्याने दिवसभर पुसू दिली नाही, वस्तीभर दाखवत हिंडला. मागच्या खोलीची कडी मी काढून टाकली आहे, पण एवढ्याने काही होत नाही हे मला कळते. मी कॉलेजात असतो तेव्हा तो काय करतो? त्याला काम कोण देते? विहारात तो कुठे बसतो? ह्या प्रश्नांची उत्तरे एकट्या घराने द्यायची नसतात, वस्तीने द्यायची असतात. आपल्या प्रत्येक वस्तीत असा कुणी ना कुणी आहे. पुढच्या मनुस्मृती दहनाच्या सभेत आपल्या श्लोकांबरोबर त्यांचेही श्लोक वाचून दाखवावेत आणि सभेला त्यांनाही आणून पुढे बसवावे, एवढी सुरुवात तरी आपण करू शकू का, हे वाचकांना विचारण्यासाठी मी हा लेख लिहिला आहे.